लांग पिंग: खेळाडू आणि प्रशिक्षक – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

व्हॉलीबॉलच्या गप्पांत चीनच्या लांग पिंगचं नाव निघालं की ठरावीक प्रश्न येतातच. काही अगदी साधे असतात, काही आकडेमोडीचे, आणि काहींवरून मैदानाच्या कडेला वाद होतात. इथे ते साध्यापासून अवघडापर्यंत लावले आहेत. उत्तरात दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिसला तर तिकडे जा. तोच मजकूर पुन्हा लिहिलेला नाही.

१. लांग पिंग नक्की कोण? थोडक्यात सांगा.

जन्म १० डिसेंबर १९६०, चीनमधल्या त्यानजिनचा, वाढली बीजिंगमध्ये. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये सुवर्ण जिंकणाऱ्या चिनी महिला संघाची ती मुख्य स्मॅशर होती. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये सुवर्ण जिंकणाऱ्या चिनी महिला संघाची ती मुख्य प्रशिक्षक होती. मधल्या ३२ वर्षांत ती इटलीत खेळली, तिथे प्रशिक्षक झाली, अमेरिकेच्या राष्ट्रीय संघाचीही प्रशिक्षक झाली. चिनी पद्धतीप्रमाणे आडनाव आधी येतं, म्हणजे लांग हे आडनाव.

२. ती राष्ट्रीय संघात कशी आली?

१९७३ मध्ये बीजिंगच्या क्रीडा शाळेत, १९७६ मध्ये बीजिंगच्या संघात आणि १९७८ मध्ये राष्ट्रीय संघात. तेव्हा तिने अठरावं वर्षही पूर्ण केलेलं नव्हतं. राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक होते युआन वेइमिन, आणि सरावाच्या बाबतीत ते अतिशय कडक होते. फुजियान प्रांतातल्या चांगचौ इथे संघाची शिबिरं व्हायची. तिथलं सुरुवातीचं मैदान म्हणजे बांबूचा मांडव होता.

युआन यांची एक पद्धत आजच्या प्रशिक्षकांनीही पाहण्यासारखी आहे. मुलींसमोर सरावाला पुरुष खेळाडू उभे करायचे, म्हणजे जोरदार स्मॅश आणि उंच ब्लॉकची (नेटवर हात उंचावून फटका अडवण्याची) सवय सामन्याआधीच होते. या सराव-जोडीदारांपैकी एक होता छन चुंगह. हे नाव लक्षात ठेवा, प्रश्न १२ आणि १३ मध्ये तो पुन्हा भेटेल.

३. ती कोणत्या जागेवर खेळायची, आणि तिला 'लोखंडी हातोडा' का म्हणायचे?

चौथ्या क्रमांकावरून, म्हणजे नेटच्या डाव्या टोकावरून मारणारी स्मॅशर. उंची १ मीटर ८४ सेंटिमीटर. टोपणनाव चाहत्यांनी तिच्या फटक्यावरून दिलं.

नुसत्या ताकदीपेक्षा तिचं महत्त्व दुसऱ्या कारणासाठी होतं. त्या काळी आशियाई संघ जपानच्या वळणाने खेळायचे: बुटका पास, स्मॅशरसाठी झटपट उचललेला बॉल, फसवी धाव. हे सगळं पहिला पास नीट आला तरच चालतं. पास विस्कटला की लिफ्टरला, म्हणजे स्मॅशरसाठी बॉल उचलून देणाऱ्या खेळाडूला, टोकाला उंच बॉल टाकण्यावाचून पर्याय नसतो, आणि तो बॉल सोव्हिएत किंवा अमेरिकन ब्लॉकवरून मारील अशी मुलगी आशियात विरळाच. चीनकडे लांग पिंग होती. त्यामुळे त्यांचा वेगवान खेळ बिघडला तरी गुण मिळवायची सोय उरायची.

४. १९८१ च्या विश्वचषकाचं एवढं कौतुक का?

फुटबॉल, बास्केटबॉल आणि व्हॉलीबॉल या तीन मोठ्या चेंडूखेळांत चीनचं ते पहिलं जागतिक विजेतेपद. १६ नोव्हेंबर १९८१, ओसाका, समोर यजमान जपान. स्पर्धा साखळी पद्धतीची असल्यामुळे सेटची गोळाबेरीज महत्त्वाची होती, आणि चीनने पहिले दोन सेट घेतले तेव्हाच चषक त्यांचा झाला.

खरी मजा तिथून पुढे. मुलींचं लक्ष उडालं, जपानने तिसरा आणि चौथा सेट काढला. पाचव्या सेटआधी युआन वेइमिन यांनी जिंकलेल्या संघाला झापलं. चषक हातात असताना शेवटचा सामना हरणं त्यांना मान्यच नव्हतं. पाचवा सेट चीनने १७-१५ असा घेतला. बीजिंगमध्ये लोक रस्त्यावर उतरले. सांस्कृतिक क्रांतीतून नुकत्याच बाहेर पडलेल्या देशाला जगात कशात तरी पहिलं येणं किती मोठं वाटलं असेल, याचा अंदाज त्या गर्दीवरून येतो.

एक दुरुस्ती: या स्पर्धेची सर्वोत्कृष्ट खेळाडू लांग पिंग नव्हती. तो मान कर्णधार आणि लिफ्टर सुन जिनफांगला मिळाला. लांग पिंगला तो मान १९८२ च्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत आणि १९८५ च्या विश्वचषकात मिळाला.

५. विश्वचषक आणि जागतिक अजिंक्यपद म्हणजे एकच ना?

नाही, आणि आपल्याकडच्या बातम्यांत दोन्हींना 'विश्वचषक' म्हटल्यामुळे हा घोळ कायम होतो. जागतिक अजिंक्यपद ही जुनी आणि मोठी स्पर्धा. ती दर चार वर्षांनी व्हायची, २०२५ पासून दर दोन वर्षांनी. विश्वचषक वेगळा: कमी संघ, साखळी पद्धत, १९७७ पासून यजमानपद बहुतेक जपानकडे. लांग पिंगने खेळाडू म्हणून १९८१ आणि १९८५ चे विश्वचषक आणि १९८२ चं अजिंक्यपद जिंकलं. ते अजिंक्यपद पेरूमध्ये झालं. गटात चीन अमेरिकेकडून हरला होता, तरी लिमातल्या अंतिम सामन्यात यजमान पेरूला ३-० ने हरवलं. प्रशिक्षक म्हणून तिने २०१५ आणि २०१९ चे विश्वचषक जिंकले, पण अजिंक्यपद नाही. तिथे १९९८ आणि २०१४ मध्ये रौप्य, २०१८ मध्ये कांस्य.

६. चीनने ओळीने पाच विजेतेपदं जिंकली. पाचही तिची का?

खेळाडू म्हणून चार: १९८१, १९८२, १९८४, १९८५. पाचवं, म्हणजे १९८६ चं चेकोस्लोव्हाकियातलं अजिंक्यपद, तिने सहायक प्रशिक्षक म्हणून पाहिलं. मुख्य प्रशिक्षक होती चांग रुंगफांग, म्हणजे १९८४ च्या संघाची कर्णधार. 'पाचही वेळा ती मैदानावर होती' असं कुठे वाचलं तर ते चूक आहे.

७. १९८४ च्या अंतिम सामन्यात काय झालं?

चीनने अमेरिकेला १६-१४, १५-३, १५-९ असं हरवलं. आकडे एकतर्फी दिसतात, पण पहिला सेट तसा नव्हता.

काही दिवसांपूर्वी गटात याच अमेरिकेने चीनला ३-१ ने हरवलं होतं. प्रशिक्षक आरी सेलिंजर यांनी हा संघ कित्येक वर्षं एकत्र ठेवून घडवला होता. त्यात १ मीटर ९६ सेंटिमीटर उंचीची फ्लो हायमन होती, आणि लाँग बीचच्या स्टेडियममधले प्रेक्षक अर्थातच त्यांच्या बाजूचे. ७ ऑगस्टच्या त्या सामन्यात पहिला सेट १४-१४ वर आला तेव्हा युआन वेइमिन यांनी बाकावरून हौ युचूला फक्त सर्व्हिससाठी आत आणलं. शेवटचे दोन्ही गुण तिच्याच सर्व्हिसवर आले. पुढच्या सेटमध्ये अमेरिकेला तीनच गुण मिळाले, यावरून काय ते समजा. अंतिम सामना म्हटलं की सगळे लांग पिंगचे स्मॅश आठवतात. माझ्या मते तो सामना त्या दोन सर्व्हिसनी फिरवला.

८. पण तेव्हा सोव्हिएत संघ आणि क्युबा आलेच नव्हते. मग ते सुवर्ण हलकं नाही का?

बहिष्कार झाला हे खरं. सोव्हिएत संघ १९८० चा ऑलिंपिक विजेता, क्युबा १९७८ चा जागतिक विजेता, आणि दोघेही लॉस एंजेलिसला नव्हते. शंका रास्त आहे. मात्र पुढच्याच वर्षी जपानमधल्या विश्वचषकात हे दोन्ही संघ खेळले आणि तरी चीन पहिला आला. स्पर्धेची सर्वोत्कृष्ट खेळाडू लांग पिंग. ज्यांना १९८४ बद्दल शंका आहे त्यांनी १९८५ चा निकाल शेजारी ठेवून पाहावा.

९. पंचविशीत निवृत्ती का? आणि १९९० मध्ये ती परत कशी खेळली?

गुडघ्यांची दुखणी, आणि जिंकण्यासारखं जे होतं ते जिंकून झालेलं. १९८७ मध्ये ती अमेरिकेत न्यू मेक्सिको विद्यापीठात क्रीडा व्यवस्थापन शिकायला गेली. चीनमध्ये तिचा चेहरा ओळखत नाही असा माणूस सापडणं कठीण. तिथे ती एक साधी विद्यार्थिनी, शिकता शिकता विद्यापीठाच्या संघाला सरावात मदत करणारी. १९८९ मध्ये इटलीत मोदेनाच्या क्लबकडून खेळली.

१९९० चं जागतिक अजिंक्यपद बीजिंगमध्ये होतं. तेव्हा ती संघात परतली. अंतिम सामन्यात सोव्हिएत संघाकडून ३-१ ने हार, रौप्य. 'एकही मोठा अंतिम सामना न हरलेली खेळाडू' हे तिचं वर्णन १९९० पर्यंतच्या जागतिक स्पर्धांपुरतं खरं आहे, पुढे नाही.

१०. प्रशिक्षक म्हणून पहिल्या खेपेला तिने काय केलं? सुवर्ण तर मिळालं नाही.

नाही मिळालं. पण ती आली तेव्हा संघ कुठे होता ते पाहा. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये कांस्य, १९९२ च्या बार्सिलोनात सातवा क्रमांक, १९९४ च्या अजिंक्यपदात आठवा. १९९५ मध्ये तिला बोलावण्यात आलं. त्याच वर्षी विश्वचषकात कांस्य, १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये रौप्य, १९९८ च्या अजिंक्यपदात रौप्य, आणि त्याच वर्षी बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण. १९९९ मध्ये प्रकृतीच्या कारणाने तिने पद सोडलं.

आठव्या क्रमांकावरचा संघ दोनच वर्षांत ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात नेणं हे मला रिओच्या सुवर्णाइतकंच, कधीकधी त्याहूनही मोठं वाटतं. पदकांच्या तक्त्यात ते एका ओळीचं रौप्य म्हणून दिसतं, आणि म्हणूनच तिची कारकीर्द नुसत्या तक्त्यावरून वाचू नये.

११. मग क्युबाला ती हरवू का शकली नाही?

१९९६ चा अंतिम सामना ३-१, १९९८ चा ३-०, दोन्ही क्युबाकडे. त्या दशकात त्यांना ऑलिंपिक किंवा जागतिक अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात कुणीच हरवू शकलं नाही, हे आधी मान्य करायला हवं. १९९२, १९९६, २००० अशी तीन ऑलिंपिक सुवर्णं ओळीने. मिरेया लुइस जेमतेम १ मीटर ७५, पण तिची उडी पाहून समोरचा ब्लॉक हतबल व्हायचा. जोडीला रेग्ला तोरेस, रेग्ला बेल. चीनचा बचाव आणि वेग त्यांना चार सेटपर्यंत ओढू शकला, त्यापलीकडे नाही.

१२. २००४ च्या अथेन्समधलं चीनचं सुवर्ण तिचंच ना?

नाही. तेव्हा प्रशिक्षक होते छन चुंगह, तेच सराव-जोडीदार, आणि १९९५ नंतर तिचे सहायक. अंतिम सामन्यात रशियाविरुद्ध ०-२ वरून ३-२ अशी बाजी त्यांच्या संघाने फिरवली. लांग पिंग त्या काळात इटलीत होती: मोदेनाला तिने इटलीचं लीग विजेतेपद आणि २००१ मध्ये युरोपची चॅम्पियन्स लीग जिंकून दिली, नंतर नोव्हाराकडे गेली.

१३. २००८ मध्ये ती बीजिंगमध्ये चीनविरुद्ध उभी राहिली. लोकांना राग आला नाही?

काहींना आला. २००५ मध्ये तिने अमेरिकेच्या महिला संघाची जबाबदारी घेतली, त्यामागे अमेरिकेत वाढणाऱ्या मुलीजवळ राहता यावं हेही एक कारण होतं. १५ ऑगस्ट २००८ ला बीजिंगमध्ये गटाचा सामना झाला. अमेरिकेच्या बाकावर लांग पिंग, चीनच्या बाकावर छन चुंगह. अमेरिका ३-२ ने जिंकली. तिच्यावर टीकाही झाली, पण स्टेडियममध्ये प्रेक्षकांनी तिचं टाळ्यांनी स्वागत केलं होतं. अमेरिकेला अखेर रौप्य मिळालं (अंतिम सामन्यात ब्राझीलकडून हार), चीनला कांस्य.

देशद्रोह वगैरे शब्द वापरणाऱ्यांना एक विचारावंसं वाटतं: परदेशी प्रशिक्षक आपल्या संघाला शिकवतो तेव्हा आपण खूश असतो, मग आपला माणूस बाहेर शिकवायला गेला की काय बिघडतं?

१४. रिओचं सुवर्ण चमत्कार होता का? गटात तर चीन जवळजवळ बाहेर गेला होता.

गटात पाचपैकी तीन सामने हरले: नेदरलँड्स, सर्बिया आणि अमेरिकेविरुद्ध. चौथ्या क्रमांकाने कसाबसा उपांत्यपूर्व फेरीत प्रवेश, आणि समोर यजमान ब्राझील. आधीची दोन्ही ऑलिंपिक जिंकलेला आणि गटात एकही सेट न गमावलेला संघ. पहिला सेट १५-२५ असा गेला. तिथून २५-२३, २५-२२, २२-२५, १५-१३. माराकानाझिन्यो स्टेडियम सुन्न झालं. उपांत्य सामन्यात नेदरलँड्सवर ३-१, अंतिम सामन्यात सर्बियावर १९-२५, २५-१७, २५-२२, २५-२३. ज्या दोघांकडून गटात हरले त्यांनाच बाद फेरीत हरवलं.

चमत्कार म्हणायला माझी हरकत आहे, कारण तयारी तीन वर्षांची होती. २०१३ मध्ये ती चीनची प्रशिक्षक म्हणून परतली त्याच वर्षी आशियाई अजिंक्यपदात चीन थायलंडकडून आणि मग दक्षिण कोरियाकडून हरून चौथा आला. आशियात इतकी वाईट कामगिरी त्यांनी पूर्वी केली नव्हती. तरी तिने नव्या मुलींना खेळवणं थांबवलं नाही. ठरलेल्या बारा जणींना वर्षभर घासण्याऐवजी तिने खूप मोठा गट बोलावला, स्पर्धेगणिक वेगवेगळ्या मुली आजमावल्या, आणि दुखापतींवर उपचारासाठी परदेशी तज्ज्ञ आणले. स्वतःचे गुडघे झिजवलेल्या माणसाला हे सुचणं साहजिक आहे. युआन वेइमिन यांच्या शिबिरांत घडलेली खेळाडू प्रशिक्षक झाल्यावर विश्रांतीचा हिशेब ठेवू लागली, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते.

याच गटातून हनान प्रांतातल्या शेतकरी कुटुंबातली चू टिंग आली. १९९४ चा जन्म, १ मीटर ९८ उंची, रिओची सर्वोत्कृष्ट खेळाडू. आणि शेवटचा गुण घेतला कर्णधार हुइ रुओचीने, जी हृदयावरच्या उपचारांनंतर संघात परतली होती.

१५. तिच्याकडे ऑलिंपिक पदकं एकूण किती?

इथे बहुतेक जण 'चार' म्हणतात: १९८४ सुवर्ण, १९९६ रौप्य, २००८ रौप्य, २०१६ सुवर्ण. पण ऑलिंपिकमध्ये पदक फक्त खेळाडूंना मिळतं, प्रशिक्षकाला नाही. त्यामुळे तिच्या गळ्यात पडलेलं ऑलिंपिक पदक एकच, १९८४ चं. बाकीची तिने घडवलेल्या संघांची. प्रश्नमंजुषेत हा प्रश्न आला तर आधी विचारून घ्या की मोजायचं काय आहे.

१६. खेळाडू आणि प्रशिक्षक दोन्ही म्हणून सुवर्ण जिंकणारी ती एकटीच का? कार्च किराय पण आहे ना?

२०१६ मध्ये ती पहिली ठरली. टोक्योत अमेरिकेच्या महिला संघाने सुवर्ण जिंकलं तेव्हा त्यांचे प्रशिक्षक किराय या यादीत आले. त्यांची सुवर्णं खेळाडू म्हणून पुरुषांच्या संघातली, १९८४ आणि १९८८ ची (शिवाय १९९६ ला बीच व्हॉलीबॉलमध्ये), आणि प्रशिक्षक म्हणून महिला संघाचं. लांग पिंगची दोन्ही महिला व्हॉलीबॉलमधली आणि एकाच देशासाठी. गंमत म्हणजे दोघांचंही पहिलं सुवर्ण लाँग बीचच्या त्याच स्टेडियममधलं, एकाच ऑलिंपिकमधलं. २०१४ च्या अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात ही दोघं समोरासमोर प्रशिक्षक होती. तिथे अमेरिका ३-१ ने जिंकली.

१७. टोक्योत काय बिघडलं?

२०१९ चा विश्वचषक अकराच्या अकरा सामने जिंकून घेतलेला संघ २०२१ मध्ये झालेल्या टोक्यो ऑलिंपिकच्या गटातूनच बाहेर पडला. तुर्की, अमेरिका आणि रशियन संघाकडून हार. इटली आणि अर्जेंटिनावरचे विजय उशिरा आले. चू टिंगचं मनगट दुखावलेलं होतं, आणि सगळा हल्ला तिच्याभोवती बांधलेला असल्यामुळे दुसरी योजना उभीच राहिली नाही. स्पर्धेनंतर लांग पिंगने पद सोडलं.

१८. ती भारतात कधी खेळली आहे का?

हो. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत चीनच्या महिला संघाने सुवर्ण जिंकलं, त्या संघात ती होती. लिमातलं जागतिक अजिंक्यपद जिंकून दोन-अडीच महिने झाले होते, म्हणजे दिल्लीकरांनी तेव्हाचा जगातला पहिल्या क्रमांकाचा संघ समोर पाहिला. भारताचा महिला संघ अजून एकदाही ऑलिंपिकला पात्र ठरलेला नाही.

१९. जुने सामने पाहायचे आहेत, पण १५-३ सारखे स्कोअर आणि इतके लांब सेट समजत नाहीत. काय पाहायचं?

तेव्हा सर्व्हिस ज्याची त्यालाच गुण मिळायचा. समोरच्याने रॅली जिंकली तर फक्त सर्व्हिस बदलायची, फलक तसाच. सेट १५ चा. त्यामुळे १५-३ म्हणजे तीनच रॅली हरल्या असं नव्हे. आजची पद्धत, म्हणजे प्रत्येक रॅलीला गुण आणि सेट २५ चा, १९९० च्या दशकाच्या शेवटी आली. लिबेरो, म्हणजे फक्त मागच्या फळीत बचाव करणारी खेळाडू, हीही १९९८ नंतरची, म्हणून लांग पिंग मागच्या फळीतही बॉल उचलताना दिसेल. शिवाय १९८४ पर्यंत सर्व्हिसवर थेट ब्लॉक करायला परवानगी होती, ते दिसलं तर चक्रावू नका.

चीनच्या संघात १ नंबरची जर्सी शोधा, ती लांग पिंग. वेळ कमी असेल तर १९८४ च्या अंतिम सामन्याचा फक्त पहिला सेट पाहा. उरलेले दोन नाही पाहिले तरी चालतील.